कॉलेजची पुतणी

त्या साली वारा काही केल्या एका दिशेला राहीना. सकाळी ओढ्याकडून यायचा, दुपारी टेकडीकडून, आणि ऊन उतरलं की कुठून येतो तेच कळायचं नाही. नुसता धुरळा उठवून जागच्या जागी गरगरत राहायचा. कोळसा पाडणाऱ्या माणसाला उन्हाची भीती नसते, थंडीची नसते. वाऱ्याची असते. लाकूड जळता कामा नये, आतल्या आत शिजायला हवं, म्हणून तर वरून एवढी माती थापायची. त्या मातीला कुठे बोटभर चीर पडली आणि वारा आत शिरला, की सगळी मेहनत राख.

"दादा, या वाऱ्यात एवढी मोठी भट्टी नको लावूस," धाकटा म्हणाला.

थोरला लाकडं उभी रचत होता. एक ओंडका खांद्यावरून उतरवून त्याने जागेवर बसवला, वरून लाथ मारून घट्ट केला आणि कंबरेवर हात ठेवून खोकला. खोकला संपेपर्यंत बोलता येत नव्हतं.

"ठेकेदाराने लाकूड आणून टाकलंय, ते काय डोक्यावर घेऊन बसू? दोन लहान लावायला माणसं कुठायत? पाऊस आला की सगळं भिजणार."

माणसं खरंच नव्हती. दरसाल हाताखाली असायचे ते गडी यंदा रस्त्याच्या कामावर गेले होते. उरलं होतं घर. थोरला, वहिनी, धाकटा आणि थोरल्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी ती एवढी कर्कश रडायची की सगळे तिला टिटवी म्हणायला लागले, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. नुकतीच बारावी झाली होती. डोक्यावर लाकडाचा भारा आणि तोंडात कॉलेजच्या मुलाखतीची पाठ केलेली उत्तरं, अशी ती सकाळपासून खेपा घालत होती.

"ताठ उभी राहा," थोरला तिला म्हणाला. "शाळेतल्या बाईंनी काय सांगितलंय? साहेबाच्या डोळ्याला डोळा द्यायचा. हां. तर बाई, तुम्हाला कोळसा आवडतो का?"

"नाही साहेब. कोळशाला मी आवडते. अंगावरून उतरायलाच तयार नसतो."

थोरला हसला आणि हसण्याचा खोकला झाला. वहिनी चिखल तुडवता तुडवता पदराने तोंड पुसून हसली. धाकटा मात्र हसला नाही. त्याने वाकून एक ओंडका उचलला.

गावात त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला 'कॉलेज' म्हणत. पुतणीएवढा असताना तो शहरातल्या कॉलेजात गेला होता. त्या वस्तीवरून जाणारा तो पहिलाच. वाजतगाजत नाही, पण बरीच माणसं गाडीपर्यंत पोचवायला गेली होती. थोड्याच महिन्यांत तो परत आला आणि पुन्हा गेला नाही. का आला, ते त्याने सांगितलं नाही. मग लोकांनी नाव ठेवलं. "ए कॉलेज, ती टोपली आण." "कॉलेज, पोतं नीट शिव, पदवी आहे ना तुझ्याकडे." आधी राग यायचा. मग तो हाकेला ओ द्यायला लागला. लग्नाचं कुणी मनावर घेतलं नाही, त्यानेही नाही.

भट्टी रचून झाली, गवत पसरून चिखल थापायला सुरुवात झाली, तेव्हा शाळेतल्या बाई आल्या. बारावीच्या मुलांना कॉलेजसाठी तयार करायचा वर्ग त्या शाळा सुटल्यावर चालवत. तो सरकारने सांगितला नव्हता की शाळेने. नाकाला रुमाल लावून त्या धाकट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. धाकट्याने हात पुसायला जागा शोधली; अंगावर स्वच्छ असं काहीच नव्हतं. त्याने हात मागे नेले.

"रविवारी वर्गात याल का?" बाई म्हणाल्या. "मुलांशी बोला. तुम्ही त्याच कॉलेजात होतात."

"मी काय सांगणार, बाई."

"मी गणितं सोडवून घेते. मुलाखत घोकून घेते. वेळापत्रक कसं वाचायचं, रांगेत कुणाला काय विचारायचं, सगळं करून घेते. पण तिथं राहायचं कसं, ते मला नाही शिकवता येत. माझं कॉलेज माझ्या घरासमोर होतं." बाई थोडा वेळ भट्टीकडे बघत राहिल्या. "गेल्या वर्षी तिघं पाठवली होती. तिघंही परत आली."

"नापास झाली?"

"नापास होण्याइतकी तरी थांबली असती तर! घरून निरोप आला, आली. परत गेलीच नाहीत. म्हणून यंदा कॉलेजवाल्यांनी नियम केलाय. आधी महिनाभर तिथं राहायचं, तिथंच शिकायचं आणि शेवटी परीक्षा. मधेच घरी गेलं की जागा दुसऱ्याला."

"बरोबर आहे," धाकटा म्हणाला.

"तुम्ही का परत आलात, तेवढं तरी सांगा मुलांना."

"घरी काम होतं," धाकटा म्हणाला आणि चिखलाचा गोळा घेऊन भट्टीच्या मागल्या बाजूला गेला. बाई गेल्या असं वाटेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. तिथली माती थापून झालेली होती, तरी तो थापत होता.

टिटवी गेली त्या दिवशी वारा पडला होता. वहिनीने तिचे कपडे पुन्हा पुन्हा धुतले होते, पण धुराचा वास जाईना. शेवटी तिने तोंडाला नाही लावला तेवढा साबण अंथरुणाला लावला. थोरल्याने गाडीच्या खिडकीतून लेकीच्या डोक्यावर टपली मारली. धाकट्याला काहीतरी सांगायचं होतं. सकाळपासून वाक्य जुळवत होता. गाडी सुरू झाल्यावर तो म्हणाला, "पाणी पीत जा." टिटवीने हात हलवला. आपण एवढंच बोललो याची त्याला घरी येईपर्यंत लाज वाटत राहिली.

मग भट्टी पेटवली.

पहिले काही दिवस पांढरा, जड धूर येत राहिला. लाकडातलं पाणी जात होतं. मग धूर पिवळट झाला. आत लाकूड बसत जातं तशी वरची माती कुठे कुठे खचते; तिथे लगेच लाकूड घालून, चिखल भरून बुजवावं लागतं. त्यासाठी भट्टीवर आडवी शिडी टाकायची आणि शिडीवरूनच चालायचं, म्हणजे अंगाचा भार एका जागी येत नाही. एकाने वर जायचं, एकाने शिडी खालून धरायची, एकाने बुडाची हवेची भोकं सांभाळायची. टिटवी असली की शिडी ती धरायची. आता वहिनी धरत होती. शिवाय चिखल वहिनीचा, पाणी वहिनीचं, चूलही वहिनीचीच. चालताना ती भिंतीला हात लावून चालायला लागली होती.

थोरल्याची छाती धुराने भरत चालली होती. खोकला आला की तो खाली बसायचा आणि जमिनीकडे बघत म्हणायचा, "चल, झालं." कधी कधी झालेलं नसायचं.

"आज मी जातो वर," धाकटा म्हणाला.

"तुझं वजन बघ. दोन ओंडक्यांचं आहे तुझं. मी सुकलोय, मला माती धरते."

दुपार कलली होती. ओढ्याकडचा वारा एकाएकी फिरला आणि टेकडीकडून आला. भट्टीच्या माथ्याजवळ एक रेघ उमटली. धाग्याएवढी. तिच्यातून निळा धूर नाही, पिवळा नाही, नुसता थरथरता गरम वारा बाहेर यायला लागला. तिघांनीही ती एकदमच पाहिली.

"चिखल," थोरला म्हणाला आणि शिडीवर चढला.

चिखल आटला होता. वहिनी पाण्याला पळाली. धाकट्याने टोपलीत होता तेवढा चिखल वर दिला आणि शिडी धरायला वाकला. तेवढ्यात बुडाच्या एका भोकात ज्वाळ दिसली. भोक बुजवावं की शिडी धरावी? त्याने पायाने माती लोटली, एका हाताने शिडी धरली. वर थोरला रेघेवर चिखल थापत होता. हात पोचेना. त्याने एक पाय शिडीवरून उतरवला आणि मातीवर ठेवला. फक्त टेकवला.

वाळकी काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. थोरल्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला.

तो ओरडला नाही. ओरडायला लागणारा वारा त्याच्या छातीत नव्हता. त्याने नुसतं धाकट्याकडे पाहिलं, काहीतरी विचारायचंय असं. धाकटा शिडीवरून धावत गेला, काखेत हात घालून त्याने भावाला ओढलं, आणि पाय बाहेर आला तशी त्या भोकातून माणूसभर उंचीची ज्वाळ वर आली. पाण्याची घागर घेऊन आलेली वहिनी ती ज्वाळ बघून जागीच उभी राहिली. मग तिने घागर भट्टीवर नाही, नवऱ्याच्या पायावर ओतली.

ठेकेदाराचा ट्रॅक्टर जवळच होता. त्यात घालून नेलं. मागे भट्टी धडधडून जळत होती. कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

मोठ्या गावच्या दवाखान्यात खाटा दाटीने लावलेल्या होत्या. थोरल्याच्या पायावर कापडाचा आडोसा उभा केला होता, अंगावरची चादर जखमेला लागू नये म्हणून. शुद्धीत आल्यावर तो पहिलं बोलला ते, "पोरीला सांगू नका."

"नाही सांगत," धाकटा म्हणाला.

"महिना होऊ दे. मग बघू."

धाकटा दिवसभर व्हरांड्यात बसायचा. औषध आण, चहा आण, डॉक्टरला विचार. डॉक्टर तरुण होता, सारखा कुठेतरी निघालेला. एकदा सकाळी तो थांबला आणि म्हणाला की विष वर चढतंय, गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल, आणि काढूनही सांगता येत नाही. हे तो धाकट्याशी बोलत होता, पण वहिनी मागेच उभी होती.

डॉक्टर गेल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, तिला घेऊन या."

"दादा नको म्हणालाय."

"तापात कुणाला हाका मारतात, ते ऐकलंय तुम्ही? रात्रंदिवस टिटवी, टिटवी. शुद्धीत नको म्हणतात आणि शुद्ध गेली की बोलावतात. मी कुणाचं ऐकू?" तिने पदराचं टोक तोंडात धरलं, सोडलं. "बाप गेला आणि पोर गणितं करत बसली असं नको व्हायला. जा. आजच जा."

धाकटा निघाला.

कॉलेजचं फाटक त्याच्या वेळचंच होतं, फक्त रंग दुसरा होता. झाडं मोठी झाली होती. रखवालदाराने वरपासून खालपर्यंत पाहून विचारलं, "कोण पाहिजे?" एवढ्या वर्षांनीही धाकट्याला तीच भीती वाटली. जेवणाच्या लांब टेबलाच्या कडेला एकटं बसायचं, शिकवलेलं कळलं नाही तरी मान हलवायची, आणि मान हलवताना कुणी बघितलं का ते बघायचं. ती भीती इथेच फाटकाशी बसून राहिली होती जणू, त्याची वाट बघत.

"पुतणी आहे माझी," तो म्हणाला. "महिन्याच्या वर्गाला आलीय."

भेटायच्या खोलीत भिंतीला लागून बाकं होती. टिटवी जवळजवळ धावतच आली. वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. भट्टीवर कधी झालं नव्हतं तसं.

"काका! तुम्ही कसे?"

"सहज. ठेकेदाराचं काम होतं शहरात. म्हटलं बघून यावं."

ती शेजारी बसली आणि बोलत सुटली. जेवण बरं असतं. खोलीत चौघी आहेत. त्यातली एक झोपेत बोलते, तेही इंग्रजीत. बाकीच्या म्हणतात तुझ्या अंथरुणाला धुराचा वास येतो, म्हणून अंथरूण गच्चीवर टाकलंय आणि ती नुसत्या चादरीवर झोपते. हे सगळं ती हसत हसत सांगत होती. धाकटा मान हलवत होता. तिला कसं सांगायचं, चल म्हणायचं की आधी पाणी पितेस का ते विचारायचं, हे त्याला जुळत नव्हतं. हात मांडीवर होते.

बोलता बोलता ती थांबली. तिची नजर त्याच्या हातांवर होती.

"काका, भट्टी चालू आहे ना?"

"चालू आहे की."

"मग तुमची नखं पांढरी कशी?"

धाकट्याने हात पाहिले. दवाखान्यात दिवसभर धुऊन धुऊन ते स्वच्छ झाले होते. भट्टीच्या ऐन दिवसांत त्याने स्वतःची नखं अशी कधी पाहिली नव्हती. मुठी मिटल्या, पण आता काय मिटायचं.

मग त्याने सांगितलं. पाय, ज्वाळ, ट्रॅक्टर, डॉक्टर. वहिनीने आणायला पाठवलंय, तेही सांगितलं. दादा नको म्हणाला आणि तापात हाका मारतो, तेही. टिटवी ताठ बसून ऐकत होती. बाईंनी शिकवल्यासारखी डोळ्याला डोळा देऊन.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली.

"तू काय शिडी धरली होतीस?"

"तसं नाही. मी रोज वाट बघत होते काका. घरून कुणीतरी यावं आणि म्हणावं, चल. वर्गात सगळं डोक्यावरून जातं. परवा फळ्यापाशी उभं केलं, तोंडातून शब्द फुटला नाही. सगळे थांबले होते. मी मनात म्हटलं, काहीतरी होऊ दे आणि मला घरी न्यायला येऊ दे." तिचा आवाज बारीक झाला. "आणि तुम्ही आलात."

धाकट्याने मिटलेल्या मुठी सोडल्या.

"तुझ्या म्हणण्याने भट्ट्या फुटत असत्या, तर ठेकेदाराची एक धड राहिली नसती," तो म्हणाला.

ती हसली नाही. "तुम्हाला पण निरोप आला होता ना?"

"आला होता. तुझ्या आजोबांची पाठ धरली होती."

"खूप?"

"मी घरी पोचलो तेव्हा लाकडं फोडत होते."

टिटवी त्याच्याकडे बघत राहिली. "मग?"

"मग काय. उद्या जातो म्हणालो. मग सोमवारी जातो म्हणालो. घरात काम असतंच. कुणी जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. जेवायला वाढत राहिले." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मुलं मुली पुस्तकं छातीशी धरून चालली होती. "फळ्यापाशी मलाही उभं केलं होतं."

खोलीत कुणीतरी येऊन गेलं. लांब कुठेतरी घंटा झाली. टिटवी उठली नाही.

"बाबा जाणार आहेत का? खरं सांगा."

"मला माहीत नाही गं. डॉक्टरलाही माहीत नाही."

"परीक्षा परवा आहे."

चल म्हणायला धाकटा आला होता. राहा म्हणायचा त्याला काय अधिकार होता?

"घरी जाऊन परत यायला सोडतील का, विचारून येते," ती म्हणाली. आत कॉलेजच्या मुख्य बाईंच्या खोलीत गेली. धाकट्याला ते कधी सुचलंच नव्हतं, असं विचारता येतं हे. थोड्या वेळाने ती आली तेव्हा तिचा चेहरा तसाच होता.

"नाही म्हणाल्या. एकीला सोडलं की सगळ्यांना सोडावं लागेल." ती उभीच राहिली. बाकाच्या कडेला तिचं बोट मागे पुढे फिरत होतं. "आईला सांगा, पेपर झाला की मिळेल त्या गाडीने येते. तोवर..."

धाकटा उठला आणि फाटकाकडे निघाला.

दवाखान्याच्या पायरीवर वहिनी बसली होती. तिने धाकट्याच्या मागे पाहिलं, रस्त्याच्या वळणापर्यंत पाहिलं.

"ती कुठाय?"

"परवा परीक्षा आहे. देऊन येते."

"तुम्हाला आणायला पाठवलं होतं."

"सांगितलं मी. तिनेच..."

"तिनेच!" वहिनी उभी राहिली. एवढ्या वर्षांत तिने दिरावर आवाज चढवला नव्हता, आताही चढवला नाही. "ती पोर आहे. तुम्ही तिला तिथं सोडून आलात. तुमचं राहिलेलं तिच्याकडून पुरं करून घेताय. यांना काही झालं, तर मी तुमचं तोंड बघणार नाही, भावजी."

त्याच संध्याकाळी थोरल्याचा पाय काढला. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीत होता आणि दाराकडे बघत होता. कुणी आलं की मान उचलायचा, मग खाली टाकायचा. सांगू नका म्हणाला होता तो, पण बघत होता दाराकडे. धाकट्याला ते बघवेना. तो बाहेर नळाखाली घागर भरत बसला. घागर भरून वाहत होती.

टिटवी आली ती पेपर देऊन, गाडीत उभ्याने, तशीच. खाटेशी गेली. थोरल्याने तिला पाहिलं. ओठ हलले. आणि मग त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती उशापाशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने त्याचा हात चादरीखालून बाहेर आला आणि तिच्या मनगटावर पडला. तोंड मात्र भिंतीकडेच होतं. पेपर कसा गेला, हे कुणीही विचारलं नाही.

तिला जागा मिळाली. सांगायला बाई घरी आल्या तेव्हा थोरला खाटेवर होता, वहिनी त्याच्या पायाला, म्हणजे उरलेल्या भागाला, पट्टी बांधत होती. बाईंनी आनंदाने सुरू केलेलं वाक्य मध्येच हळू आवाजात संपवलं. भट्टीची जागा ठेकेदाराने दुसऱ्यांना दिली होती. धाकटा त्याच्याच वखारीत पोती वाहत होता. तिथेही 'कॉलेज' म्हणूनच हाक यायची. टिटवी जाणार की नाही, यावर घरात एकदाही बोलणं झालं नाही. जायच्या दिवशी थोरला छताकडे बघत म्हणाला, "गाडी चुकेल." म्हणून ती गेली.

पाऊस लागला. पावसात थोरल्याची जखम पुन्हा उघडली. ताप आला. तापात तो गेलेल्या पायाला खाजवायला हात न्यायचा आणि तिथे काही नाही हे कळलं की घाबराघुबरा व्हायचा. वहिनीच्या एकटीच्याने तो कुशीवर वळेना. एका सकाळी तिने धाकट्यासमोर मोबाइल धरला. गेल्या कित्येक दिवसांत ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"लावा तिला."

त्याने लावला. "दादाला बरं नाही," एवढंच तो म्हणाला. "खोटं सांगत नाही. बरं नाही."

टिटवी शनिवारी आली. आल्या आल्या ओढणी खोचून कामाला लागली. बापाला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, अंथरूण बदललं, ओलं लाकूड फुंकून चूल पेटवली, पाणी भरलं. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. वहिनी दुपारी चक्क झोपली, तोंड उघडं टाकून. थोरल्याचा ताप उतरला. रविवारी त्याने दाढी करून मागितली. टिटवीने केली. साबणाच्या फेसात थोरला म्हणाला, "साहेबाची दाढी आहे, जपून." तिघंही हसली. दारात उभा धाकटाही हसला, आणि हसता हसता थांबला. तो कॉलेजातून आला तेव्हाही असंच होतं. अगदी असंच. सगळे बरे होतात, हसायला लागतात.

ऊन कललं. शेवटच्या गाडीची वेळ झाली. टिटवी चुलीपाशी बसली होती. उठत नव्हती.

"उद्या सकाळी वर्ग आहे ना?" धाकट्याने विचारलं.

"आहे."

"एक दिवस काय होतंय?" वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. नुसती दमलेली होती ती. "उद्या जाईल. आज यांना जरा बरं वाटतंय, बसू दे बापाजवळ."

थोरला छताकडे बघत होता. या वेळी तो काहीच बोलला नाही.

टिटवीने धाकट्याकडे पाहिलं नाही. लाकूड चुलीत थोडं आत सरकवलं. "उद्या पहाटेच्या गाडीने गेलं तरी चालेल," ती हळूच म्हणाली. "किंवा परवा."

धाकटा उठला. खुंटीला तिची पिशवी होती. ती त्याने काढली, खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या आणि कुणाशी काही न बोलता बाहेर पडला.

"भावजी!" मागून वहिनीची हाक आली. "भावजी, कुठं निघालात पिशवी घेऊन?"

तो थांबला नाही. चिखलाची वाट होती, पाय रुतत होते. पिशवीत पुस्तकं होती. ओंडक्यासारखा भार लागत होता. वहिनीची हाक आणखी एकदा आली, मग नुसता तिचा रडण्याचा आवाज, मग तोही वाऱ्याने खाल्ला. मागे कुणी येतंय की नाही, ते त्याला ऐकू येत नव्हतं. वळून बघावंसं वाटत होतं. वळून पाहिलं आणि वाट रिकामी असली, तर पिशवी घेऊन परत जावं लागेल. तो चालत राहिला. वळणावर गाडीचे दिवे दिसले. पावसाची झड आली आणि तो ओला होत उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.

खांद्यावरची पिशवी कुणीतरी हिसकून घेतली.

"एवढं पळायला काय झालं होतं?" टिटवी धापा टाकत होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते, एका पायात चप्पल नव्हती. ती रडत होती आणि चिडलीही होती. "आई माझ्याशी बोलणार नाही आता."

"नाही बोलणार," धाकटा म्हणाला. "थोडे दिवस."

"आणि बाबांना पुन्हा ताप आला तर?"

"तर फोन करीन. तू येशील."

गाडी येऊन थांबली. त्याने आपल्या पायातल्या चपला काढून तिच्यापुढे सरकवल्या. तिला त्या मोठ्या होत होत्या. तशाच फरफटत ती पायरी चढली.

"घरी यायला निघालीस की आधी कॉलेजला परतायची गाडी विचारून ठेव," तो खालून ओरडला, "दर वेळी. परतीची आधी."

तिने ऐकलं की नाही कळलं नाही. दार लागलं होतं. धाकटा अनवाणी घराकडे वळला. तो पोचला तेव्हा घरात दिवा लागला होता, आणि दारात वहिनी उभी होती.